अडीच तासांचा एक तास

गोदाच्या घरात दोन घड्याळं होती आणि त्यांचं एकमेकांशी मुळीच पटत नव्हतं.

एक भिंतीवरचं, नुसते उजळ आकडे दाखवणारं. तसलं घड्याळ वस्तीत घरोघरी होतं आणि ते बिनचूक चालायचं. दुसरं कोपऱ्यात उभं, गोदाहून उंच, लाकडी पेटीतलं. ते आजोबांचं. त्याला पांढरी तबकडी होती, काळे काटे होते आणि पोटात एक लांब दांडा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे झुलत असायचा. आता गंमत ऐका. सकाळी आठ वाजता दोन्ही घड्याळं सारखी लावली, तर भिंतीवरचं साडेदहा दाखवायचं तेव्हा आजोबांचं जेमतेम नऊवर पोचलेलं असायचं. पाच-दहा मिनिटं मागे पडणारं घड्याळ कुणीही चालवून घेईल. पण अडीच तासांचा एक तास म्हणजे अतिच झालं! बरं, ते मधेच अडखळतंय, थांबतंय म्हणावं तर तसंही नाही. त्याचा ठोका अगदी एकसारखा पडायचा, कसलीच घाई नसल्यासारखा.

हे घर होतं चंद्रावर. नवशिवार नावाची ती वस्ती एका लाव्हानलिकेत (फार पूर्वी वाहून गेलेल्या लाव्ह्याने मागे ठेवलेल्या लांबच लांब बोगद्यात) वसली होती. गोदाचा जन्म तिथलाच. पृथ्वी तिने पाहिली होती ती फक्त आकाशात आणि पडद्यावर. तिच्या आजोबांचं नाव निनाद गुरसाळे. हसू नका, त्या पिढीतल्या आजोबांची नावं अशीच असायची, निनाद नाहीतर अथर्व नाहीतर स्वराज. गोदा, सगुणा, भागीरथी ही नावं लोकांना नंतर पुन्हा आवडायला लागली. तर हे निनाद आजोबा मातीचे शास्त्रज्ञ. चंद्राच्या कोरड्या, टोचऱ्या धुळीतून शेतीची माती कशी करायची हे त्यांनी शोधून काढलं होतं. नवशिवारात ताटात मेथीची भाजी पडायची ती त्यांच्यामुळे.

पण त्यांचं लहानपण गेलं होतं कराडला, वडिलांच्या घड्याळाच्या दुकानात. ते दुकान मागच्या वर्षी बंद झालं. तेव्हा आजोबांच्या धाकट्या भावाने तिथलं एक घड्याळ सुटं करून, खोक्यात भरून, मालवाहू यानाने चंद्रावर पाठवून दिलं. ते विकायला ठेवलेलं घड्याळ नव्हतं. आजोबांच्या वडिलांनी, म्हणजे गोदाच्या पणजोबांनी, स्वतःच्या हाताने घडवलेलं ते एकुलतं एक. झुलणाऱ्या दांड्याच्या खालच्या टोकाजवळ त्यांनी बारीक अक्षरांत कोरलं होतं, ‘प्र. गुरसाळे, कराड’. आजोबा रोज ते नाव फडक्याने पुसायचे आणि म्हणायचे, परत गेलो की हे कराडलाच लावायचं. परत कधी जाणार, हे मात्र त्यांना कुणी विचारायचं नाही.

आणि नेमकं हेच घड्याळ भट्टीत जायची वेळ आली होती.

त्याचं काय होतं, की नवशिवारचा एक रिवाज होता. चंद्रावर सूर्य उगवला की चौदा दिवस मावळत नाही आणि मावळला की चौदा दिवस उगवत नाही. तो उगवला की वस्तीवरचे मोठमोठे आरसे त्याचं ऊन एका जागी गोळा करायचे आणि त्या उन्हावर भट्टी पेटायची. मग वस्तीत जे जे काही बंद पडलेलं असेल ते वितळवायचं आणि त्याचा नवा धातू करायचा. पृथ्वीवरून धातू आणायचा म्हणजे केवढी यातायात! म्हणून नियम सगळ्यांना सारखा. वस्तीप्रमुखांचा मुका झालेला भोंगा भट्टीत गेला होता आणि गोदाची लाडकी तीनचाकी सायकलसुद्धा.

वस्तू गोळा करायला यायचा गाडोबा. गाडोबा म्हणजे एक यंत्रमानव. खाली चार चाकं, मधे पत्र्याचा हौदा, वर दोन लांब हात. दारात येऊन तो एकच प्रश्न विचारायचा, “चालू की बंद?” चालू असेल तर चालवून दाखवायचं. बंद असेल तर हौद्यात. त्याच्याशी हुज्जत घालून काही उपयोग नसायचा. आजोबांनी घालून पाहिली. काटे फिरताहेत, ठोके पडताहेत, मग घड्याळ बंद कसं, असं त्यांनी त्याला चांगलं सुनावलं. गाडोबाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, की काटे फिरवणं हे घड्याळाचं काम नाही. वेळ दाखवणं हे काम. वेळ चूक, म्हणजे घड्याळ बंद. तीन दिवसांनी सूर्य उगवेल तेव्हा येतो.

आजोबा त्या दिवशी धड जेवले नाहीत. घड्याळासमोर नुसते बसून राहिले. त्यांना असं गप्प झालेलं गोदाने कधी पाहिलं नव्हतं आणि तिला ते बघवेना. तिला घड्याळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिने त्यांच्या हातात पेचकस ठेवला आणि म्हणाली, की आधी मला हे आतून दाखवा, बिघाड कुठे आहे ते मग बघू.

आजोबांनी तबकडी उतरवली. मागे पितळी चाकांचं आख्खं गावच होतं.

सगळ्यात आधी त्यांनी दाखवली दोरी. तिच्या एका टोकाला वजन टांगलेलं, दुसरं टोक एका ढोलाला (दोरी गुंडाळायच्या आडव्या नळकांड्याला) बांधलेलं. किल्ली फिरवली की दोरी ढोलावर गुंडाळली जाते आणि वजन वर चढतं. मग ते खाली यायला बघतं, दोरी ओढतं आणि ढोल फिरवतं. घड्याळाची सगळी ताकद एवढीच. वीज नाही, बॅटरी नाही. काही घड्याळांत वजनाच्या जागी कमान (घट्ट गुंडाळलेली पोलादी पट्टी) असते, पण तिचं कामही तेच, ताकद पुरवायचं.

ढोलाच्या कडेला दाते होते. ते एका छोट्या चाकाच्या दात्यांत अडकलेले. त्या छोट्याच्याच दांडीवर एक मोठं चाक, ते पुढच्या छोट्यात अडकलेलं, आणि असंच पुढे. ही चक्रमाला (एकमेकांना फिरवणाऱ्या दातेरी चाकांची रांग). मोठं चाक छोट्याला फिरवतं तेव्हा छोटं भराभर फिरतं. म्हणून ढोल दिवसभरात थोडासाच फिरला, तरी माळेतलं शेवटचं चाक मिनिटाला एक फेरी मारतं. मिनिटकाटा मधल्या एका चाकावर बसवलेला होता. त्याच्या जोडीला आणखी काही चाकं अशी बेताने जुळवली होती, की मिनिटकाट्याच्या बारा फेऱ्या झाल्या की तासकाट्याची बरोबर एक व्हावी.

गोदाने एक चाक बोटाने ढकलून पाहिलं आणि तिला प्रश्न पडला.

“मग वजन धाडकन खाली का येत नाही? चाकं गरगर फिरून सगळं एका झटक्यात संपायला हवं.”

आजोबांचा चेहरा पहिल्यांदाच जरा उजळला. खरं घड्याळ इथेच सुरू होतं, असं म्हणून त्यांनी माळेतलं शेवटचं चाक दाखवलं. त्याचे दाते तिरपे, टोकदार होते. दुकानात याला सगळे एस्केप व्हील म्हणायचे, म्हणजे सुटकेचं चाक. त्याच्या डोक्यावर एक वाकडा तुकडा बसवलेला होता, दोन्ही बाजूंना दोन हात असलेला. हा अँकर (जहाजाच्या नांगरासारखा दिसतो म्हणून हे नाव). अँकर डावीकडे कलला की त्याचा एक हात चाकाचा दाता अडवतो. उजवीकडे कलला की तो दाता सुटतो, पण तेवढ्यात दुसरा हात दुसऱ्या बाजूचा दाता अडवतो. एका वेळी एकच दाता पुढे जाणार. अडवलेला दाता हातावर आपटतो, तोच घड्याळाचा ठोका.

गोदा म्हणाली, की ही तर आपली हवाकोठडीच झाली. वस्तीतून बाहेर पडायला दोन दारांची एक खोली होती, तिला सगळे हवाकोठडी म्हणायचे. तिचं एक दार लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, म्हणून वस्तीतली सगळी हवा एकदम निघून जायची नाही. आजोबांना ही तुलना इतकी आवडली, की त्यांनी ती दोनदा म्हणून पाहिली.

आता राहिला तो झुलणारा दांडा. तो म्हणजे लंबक. दांडा जवळजवळ मीटरभर लांब आणि खालच्या बाजूला एक जड पितळी चकती. लंबक झुलतो आणि अँकरला एकदा इकडे, एकदा तिकडे कलवतो. उलट सुटकेच्या चाकाचा प्रत्येक दाता जाता जाता अँकरला हलकासा धक्का देतो, तो धक्का लंबकाला मिळतो, म्हणून लंबक थकून थांबत नाही. चकतीच्या खाली एक पेच होता. तो पिळला की चकती केसभर वर सरकायची आणि घड्याळ किंचित जलद व्हायचं. सैल केला की किंचित मंद.

मग गोदाने विचारलं, की हे मंद पडलं तेव्हा तुम्ही काय काय करून पाहिलंत? आजोबांनी सगळी कहाणी सांगितली. चंद्र कुठल्याही वस्तूला पृथ्वीच्या मानाने सहा पटींनी कमी ओढतो, म्हणून सुरुवातीला घड्याळ चाललंच नाही. वजनात जोरच नव्हता. आजोबांनी वजनाला एक डबा बांधला आणि त्यात चंद्राचे दगड भरले. घड्याळ सुरू झालं, पण मंद. दुकानात मंद घड्याळाचं औषध ठरलेलं असायचं. तेल वाळलंय, नाहीतर घाण बसलीय, नाहीतर ताकद कमी पडतेय. त्यांनी चाकं धुतली, तेल घातलं. मग आणखी दगड घातले. मग आणखी. ठोका मोठा मोठा होत गेला, पण वेग तसूभरही वाढला नाही. पेच पिळायचा तेवढा पिळून झाला, दिवसाकाठी काही मिनिटांचा फरक पडला. पेच असतोच तेवढ्यापुरता, आजोबा म्हणाले. त्याहून जास्त मंद असेल तर दोष दुसरीकडे शोधायचा, हे मला माझ्या बाबांनी शिकवलंय.

गोदाच्या डोक्यात मात्र एक गोष्ट अडकून बसली. एवढी ताकद वाढवूनही वेग वाढत नाही, म्हणजे वेग ठरवणारा कुणी वेगळाच असणार.

त्याच दुपारी तिचं कराडच्या सगुणाशी बोलणं झालं. सगुणा तिची चुलत बहीण. ती कृष्णाकाठच्या बागेत झोक्यावर बसून बोलत होती आणि गोदाला हसू आवरेना. झोका नुसता सपासप मागेपुढे जात होता. चित्रफीत पळवून दाखवतेस होय गं, असं तिने विचारलं. उत्तर पृथ्वीवरून यायला थोडा वेळ लागला आणि आलं ते फुगलेलं आलं. काहीही पळवलेलं नव्हतं. पृथ्वीवर झोका असाच जातो, सगुणाने ठणकावून सांगितलं.

नवशिवारच्या शाळेतही झोका होता. दोरी साधारण तेवढीच लांब. पण तो असा संथ जायचा, की वर पोचल्यावर मुलं निवांत गप्पा मारायची. सगुणाला पडद्यावर तशीच ठेवून गोदा तडक शाळेत गेली, तिथला झोका हलवला आणि सगुणाच्या झोक्याशी ताडून पाहिला. तिचा एक हेलकावा होईपर्यंत सगुणाचे अडीच होत होते.

अडीच! गोदा जागच्या जागी उभी राहिली. मग घरी आली ती धावतच.

तिने एक दोरा घेतला, त्याच्या टोकाला एक लोखंडी नट बांधला आणि तो टेबलाच्या कडेला टांगला. झाला लंबक. आधी तिने त्याला जोरात झुलवलं, मग हळू झुलवलं. वेळ जवळजवळ तेवढाच. एकाच्या जागी तीन नट बांधले. वेळ तेवढाच. म्हणजे जोर वाढवून काही होत नव्हतं आणि वजन वाढवूनही काही होत नव्हतं. मग तिने दोरा आखूड केला. नट झटपट झुलायला लागला. आणखी आखूड, आणखी झटपट. भिंतीवरच्या घड्याळाचे सेकंद बघत ती दोरा कमी कमी करत गेली, शेवटी नट इकडून तिकडे जायला नेमका एक सेकंद घेऊ लागला. पणजोबांचा लंबक कराडला एवढाच वेळ घ्यायचा. तिने दोरा मोजला. साडेसोळा सेंटीमीटर.

आजोबांनी ते ऐकलं आणि घड्याळाचा लंबक मोजला. नव्व्याण्णव. नव्व्याण्णवाला साडेसोळाने भागलं, तर उत्तर आलं बरोबर सहा. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

“एवढी मेथी पिकवली मी या चंद्रावर, पण घड्याळ उघडलं की मी कराडच्या दुकानातच बसतो बघ. इथे काही बिघडलेलंच नाही गं. घड्याळ जिथे उभं आहे, तिथलं ऐकतंय.”

मग ते तिला समजावून सांगत बसले. लंबक बाजूला गेला की जमीन त्याला पुन्हा खाली ओढते (यालाच गुरुत्वाकर्षण म्हणतात). ती ओढ जबर असेल तर तो झपकन परततो. ओढ कमी असेल तर रमतगमत परततो. चंद्राची ओढ एकषष्ठांश, म्हणून हेलकावा लांबला. त्याला पुन्हा पूर्वीच्या वेगावर आणायचं तर लंबकही एकषष्ठांश लांबीचा हवा. वजन फक्त ताकद देतं, चाकं ती ताकद काट्यांपर्यंत नेतात, अँकर ती थोडी थोडी सोडतो. पण केव्हा सोडायची, ते ठरवतो लंबक.

आणि एवढं बोलून आजोबा एकदम थांबले. लंबक आखूड करायचा, म्हणजे दांडा कापायचा. पणजोबांचं नाव होतं खालच्या टोकाला. कापलं की ते घड्याळापासून तुटणार.

गोदाने सुचवलं, की नुसती चकतीच वर सरकवली तर? आजोबांनी मान हलवली. खालचा उरलेला दांडाही चकतीबरोबर झुलणार आणि सगळं गणित बिघडवणार. नवा दांडा करावा, तर नवा धातू मिळणार भट्टी पेटल्यावर, आणि गाडोबा दारात येणार भट्टी पेटायच्या आधी. काही मार्ग नव्हता.

“आणि एकदा कापला की हे घड्याळ कराडला कधीच बरोबर चालायचं नाही,” आजोबा म्हणाले. “तिथे ते सुसाट पळेल.”

“आजोबा,” गोदाने विचारलं, “तुम्ही ते कराडला कधी नेणार होता?”

आजोबा कितीतरी वेळ त्या कोरलेल्या अक्षरांवरून अंगठा फिरवत राहिले. गोदाला वाटलं, आपण विचारायला नको होतं.

“नव्हतो गं नेणार,” ते शेवटी म्हणाले. “नुसतं म्हणायचो. तेवढंच बरं वाटायचं.”

त्यांनी दांडा पकडीत आवळला आणि करवत चालवली. पकड हलू नये म्हणून गोदाने ती दोन्ही हातांनी धरून ठेवली. कापलेल्या टोकाला त्यांनी नवे आटे (पेच फिरायच्या खाचा) पाडले, चकती बसवली, खाली पेच लावला. डब्यातले जास्तीचे दगड काढून टाकले. मग गोदाने त्या आखूड लंबकाला बोटाने हळूच ढकललं.

घड्याळ चालू लागलं. आता त्याचा ठोका टकटक असा चटपटीत होता. आजोबांचे डोळे भरून आले होते आणि गोदाला इतका आनंद झाला होता की तिला हसावं की रडावं कळेना. दुसऱ्या दिवसापर्यंत घड्याळ अर्धं मिनिट मागे पडलं. आजोबांनी पेच जरासा पिळला. त्यानंतर दोन्ही घड्याळांचं जे एकमत झालं, ते झालंच.

सूर्य उगवला आणि गाडोबा आला. तो घड्याळासमोर ठाण मांडून उभा राहिला. एक तास त्याने मिनिटकाट्यावरची नजर हलवली नाही. मग “चालू” म्हणाला आणि वळला. वळता वळता त्याला टेबलावर पडलेला कापलेल्या दांड्याचा तुकडा दिसला.

तो काय विचारणार ते आजोबांना ठाऊक होतं. नियम म्हणजे नियम. त्यांनी तुकडा उचलला, फडक्याने नाव एकदा पुसलं आणि तो हौद्याकडे नेला. गोदाने मधेच त्यांचा हात धरला. दोन दिवस ती शाळेच्या पुस्तकात एक आकडा शोधत होती. मंगळ पृथ्वीच्या एकतृतीयांशाहून थोडं जास्त ओढतो. म्हणजे तिथे लंबक हवा सदतीस-अडतीस सेंटीमीटरचा. उरलेला तुकडा त्याच्या दुपटीहून मोठा होता.

“हे इथे बंद आहे,” ती गाडोबाला म्हणाली. “मंगळावर चालू.”

गाडोबाचे दोन्ही हात हवेत राहिले. चालू की बंद, हे त्याला विचारता यायचं. कुठे, हे विचारायला त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. मग त्याने विचारलं, की मंगळावर चालवून कोण दाखवणार?

“मी,” गोदा म्हणाली.

गाडोबाने हात खाली घेतले आणि तो शेजारच्या घराकडे निघून गेला.

आजोबांनी दांडा पुन्हा पकडीत आवळला. खालच्या टोकापासून मोजून, नाव शाबूत ठेवून, त्यांनी अडतीसच्या जरा पुढे खूण केली आणि करवत गोदाच्या हातात दिली. थोडा जास्तच ठेवतोय, त्यांनी सांगितलं, कमी करता येतो, वाढवता येत नाही.

“आणि पेच किती पिळायचा?” गोदाने विचारलं.

“ते मला इथून कसं कळणार?” आजोबा म्हणाले. “तिथे गेलीस की तुझं तू बघ.”